डुकरापाशी कोण थांबणार

नेदरकोम्ब, ९ मार्च

हेझल,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खाडाखोड केलेला कागद पाठवणं बरं दिसेना म्हणून नवा घेतला. तेव्हा हे दुसऱ्या कागदावरचं पत्र आहे, एवढं लक्षात असू दे.

एक बातमी कळवायची आहे. टॅमसिनचं लग्न ठरलं. मुलगा डेन्झिल, शाळेची बस चालवतो, कान मोठे आहेत, मन बरं आहे. तुला हे सगळं आधीच माहीत आहे, हे मलाही माहीत आहे. माझी मुलगी माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर तुझ्याशी कुजबुजते आणि मी आत आले की "बरं, ठेवते हं" म्हणते. मी अजून बहिरी झालेली नाही.

ऑगस्टचा दुसरा शनिवार धरला आहे. लग्न आपल्याच चर्चमध्ये, जेवण डेन्झिलच्या काकांच्या कुरणात. परवा ती माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, मला अगदी निवांत लग्न हवंय. कोणी कुठे बसायचं त्याच्या पाट्या नकोत, तीन तीन काटे-चमचे नकोत. पेंढ्याचे भारे टाकू बसायला, मध्ये डुक्कर भाजलं जाईल, भूक लागेल तो पाव घेऊन रांगेत उभा राहील. सगळं कसं आरामात."

"जन्मभर मी लोकांना हेच निवांत लग्न विकत आलेय," मी म्हटलं. "पाहुणे आरामात असतात, कारण कोणीतरी पहाटेपासून आगीपुढे घाम गाळत असतं."

"म्हणून तर तू आहेस ना," असं म्हणून तिने माझ्या गळ्यात हात टाकले. अगदी मावशीची, म्हणजे तुझी, लकब. काम काढून घ्यायचं असलं की गळ्यात पडायचं.

आमंत्रण ती तुला वेगळं पाठवणार आहे. यायचं की नाही ते तुझं तू बघ. मी फक्त कळवते आहे.

एव्हरिल

—

नेदरकोम्ब, ६ एप्रिल

हेझल,

तू टॅमसिनला काय उत्तर दिलंस ते तिने मला वाचून दाखवलं. "तुझी आई बोलावेल तेव्हा येईन." छान. म्हणजे मुलीच्या आमंत्रणाला किंमत नाही, आईने हात जोडायला हवेत. माझे हात सध्या कामात आहेत.

आणि बोलावू तरी कोणत्या तोंडाने? घर सोडून मी गेले नव्हते. मेजर साहेबांच्या मुलीच्या लग्नात, ऐन गर्दीत, हातात सुरी, समोर पाव घेऊन उभी असलेली रांग, आणि तू मोठ्याने जाहीर केलंस, "एव्हरिल, मी आजपासून मांस सोडलं." डुक्कर भाजणाऱ्या बाईने! एक म्हातारे गृहस्थ आपला पाव उघडून आत बघायला लागले, काही निघालं की काय म्हणून. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्यानंतर आपण दोघी काय काय बोललो ते तुझ्याही लक्षात असेल. महिन्याभरात तू स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला, त्या ऑर्कनी बेटांवर, शेळ्या पाळायला निघून गेलीस. सहा वर्षं झाली. शेळ्या बऱ्या आहेत ना?

असो. धंद्यातली एक अडचण आहे, तुझ्याशिवाय ती कोणाला कळायची नाही, म्हणून लिहिते.

चर्च एक वाजता आहे, जेवण तीनला. म्हणजे पाद्रीबाई वचनं म्हणवून घेत असतील नेमकी तीच वेळ आग वाढवायची. कातडी फुगून कुरकुरीत व्हायची ती त्याच दोन तासांत. चरबी निखाऱ्यावर गळते, ज्वाळा उठते, आणि तेव्हा कोणी जवळ नसलं की सकाळपासूनची मेहनत काळी ठिक्कर. डुकराला सोडून हलता येत नाही. बाबा कधी हलले नाहीत, तू-मी कधी हललो नाही. किती लग्नं जेवू घातली आपण, हेझल, आणि एकाही नवरीला "हो" म्हणताना ऐकलं नाही. आपल्याला लग्न म्हणजे घंटा वाजली की सुऱ्यांना धार लावायची, एवढंच माहीत.

आता टॅमसिन म्हणते, चर्चमध्ये हात धरून तिला मीच न्यायचं. कीथ लग्न न करताच गेला, कुठे आहे ते त्याचं त्याला माहीत, म्हणजे बाप नाहीच. मी एका वेळी दोन ठिकाणी कशी असणार?

उत्तराची घाई नाही.

एव्हरिल

—

नेदरकोम्ब, २४ मे

हेझल,

उत्तर आलं नाही. मीच घाई नाही म्हटलं होतं, तेव्हा तक्रार करत नाही.

मी माणूस शोधून पाहिला. शहरातला एक जण आहे, चकचकीत पोलादी पेटी घेऊन फिरतो. आत गॅस, वर झाकण, बाहेर घड्याळ. मी त्याला विचारलं, आग कधी वाढवता? तो म्हणाला, "बाई, ते यंत्रच ठरवतं." मी त्याचा चहा पिऊन परत आले. माझ्या मुलीच्या लग्नात आयतं गरम केलेलं डुक्कर वाढलं तर बाबा थडग्यातून उठून येतील.

मग क्लाइव्ह. आपला तोच, गाडी चालवणारा. ओझी उचलायला त्याच्यासारखा नाही, पण उबेला बसला की संपला. क्रिकेट क्लबच्या चहापानाला मी मुद्दाम त्याच्यावर सोपवून पाहिलं. अर्ध्या तासाने जाऊन बघते तर हा स्टुलावर घोरतोय आणि डुकराची एक बाजू कोळसा.

"क्लाइव्ह!"

"मी डोळे मिटून वास घेत होतो," म्हणाला. "भाजल्याचा अंदाज वासावरूनच येतो, तुम्हीच तर सांगता."

"आणि करपल्याचा?"

"तो आला की उठणारच होतो."

मी हात टेकले.

तर आता सरळच विचारते. त्या दिवशी एवढे दोन तास तू डुकरापाशी थांबशील का? खायला कोणी सांगत नाही. चाखायलाही नको. नुसतं उभं राहायचं, निखारे ओढायचे, चरबी ओतायची. कातडी तुझ्यासारखी कोणाला जमली नाही, बाबांनाही नाही, हे मी तुझ्यासमोर कधी म्हटलं नसेल. तिकिटाचं मी बघीन.

एव्हरिल

—

नेदरकोम्ब, २७ जून

हेझल,

तुझं कार्ड मिळालं. पुढे एक समुद्रपक्षी, मागे एक ओळ. "तू मला लग्नाला बोलावते आहेस की डुकराला?"

आठवडाभर मी ते कार्ड एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. कांदे चिरताना काढून वाचायची आणि पुन्हा चिडायची. इतकी मदतीची विनवणी केली तर ही बया त्यात खोड काढते, असं वाटायचं. शेवटी टॅमसिनला दाखवलं. ती हसेल आणि मग आपण दोघी मिळून तुला नावं ठेवू, अशी माझी कल्पना.

ती हसली नाही. कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बरोबरच विचारलंय मावशीने."

"तू तिचीच बाजू घेणार."

"आई, चिडू नकोस, ऐक. लहानपणी दर शनिवारी तुम्ही मला कामावर घेऊन जायचात. तू आगीपाशी असायचीस. मी मावशीच्या कडेवर. चर्च सुटलं की ती मला कुंपणाशी न्यायची, नवरी दाखवायला. आम्ही झग्यांना मार्क द्यायचो. एकदा एका नवरीच्या झग्यावर चिखल उडाला होता, तर मावशीने तिला सगळ्यात जास्त दिले, म्हणाली, ही पळत आलीय. मला लग्न करायचंय हे तिथे ठरलं, आई. आणि तिलाच मी चर्चच्या बाहेर उभं करू?"

मला यातलं काही माहीत नव्हतं. आगीकडे तोंड करून उभं राहिलं की पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. माझ्या मुलीचे शनिवार माझ्या पाठीमागे गेले, तुझ्या कडेवर. खरं सांगते, हेझल, ऐकून वाईट वाटलं. हेवा वाटला तुझा. आणि मग, भांडी घासता घासता, बरंही वाटलं, की ती पोर एकटी नव्हती.

तर ऐक. लग्नाला ये. डुकराला नाही, लग्नाला. सगळ्यांत पुढच्या बाकावर बस. बसू नकोसच, टॅमसिनचा हात धरून तिला आत तू घेऊन जा. मी चर्चच्या दारापर्यंत येईन, झग्याची घडी नीट करीन आणि मागे फिरेन. डुकराचं मी बघते. मला त्याची सवय आहे.

मी बोलावते आहे. हात जोडायचेच असतील तर जोडले असं समज.

तुझी,
एव्हरिल

—

नेदरकोम्ब, १ ऑगस्ट

प्रिय हेझल,

तुझ्याकडून काहीच नाही. तिथे टपाल बोटीने जातं-येतं, वारा सुटला की अडकतं, असं मी स्वतःला सांगत असते. इथेही आठवडाभर वारा आहे.

डुक्कर ठरलं. वॉनाकॉटकडचं, पाठीवर चरबीचा थर चांगला आहे. पावांचं सांगून झालं. सफरचंदं अजून आंबट आहेत, पण चटणीला तशीच बरी. टॅमसिन माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती. मी चर्चमध्ये नसणार हे तिला कळलं. "तू नसशील तर मी लग्न डुकरापुढेच लावीन, रेव्हरंड बाईंना तिथे घेऊन येते," असं म्हणाली आणि दार आपटून गेली. मग डेन्झिल आला, कान लाल करून, माझ्यासाठी टोमॅटो घेऊन. बिचारा पोरगा. दोन्हीकडून मार खातोय.

मला तू चर्चमध्ये हवीस, तिला आपण दोघी हव्यात, आणि डुकरापाशी थांबायला कोणीच नाही, असा सगळा गोंधळ.

मागची खोली झाडून ठेवली आहे. अंथरूण घातलं आहे. डाळ आणून ठेवली आहे, लाल आणि हिरवी, दोन्ही. तिचं पुढे काय करायचं असतं ते मला माहीत नाही.

तू आली नाहीस तरी ही डाळ मी टाकणार नाही.

तुझी,
एव्हरिल

—

नेदरकोम्ब, १६ ऑगस्ट

प्रिय हेझल,

तुझी गाडी सुटली, मी घरी आले, किटली ठेवली आणि लिहायला बसले. स्टेशनवर तू पुन्हा विचारलंस, "चर्चमध्ये काय झालं ते सांग ना." मी म्हटलं, लिहीन. तोंडाने सांगता आलं नसतं. मी फलाटावर रडले असते आणि तू मला त्यावरून आणखी सहा वर्षं चिडवलं असतंस.

पण आधी सकाळचं. ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला पुन्हा एकदा ते अनुभवायचं आहे.

धूर डोळ्यांत जात होता. मागून कोणी आलेलं मला कळलं नाही. आणि सहा वर्षांनी माझ्या बहिणीचे पहिले शब्द काय, तर, "मांड्यांकडे आग कमी आहे. निखारे तिकडे ओढ."

"तुला कोणी विचारलं?" मी म्हटलं.

"तूच. पत्रांवर पत्रं घालून."

वळून बघते तर तू, पाठीवर पिशवी, केस सगळे पांढरे. मला म्हातारी कोण आली असं वाटलं. मग लक्षात आलं, तुलाही तेच वाटत असणार.

मी म्हटलं, खोलीत जा, कपडे बदल, टॅमसिनला तू न्यायचंयस. तू बाही वर सारायला लागलीस.

"मी नाही. तू ने."

"अगं, पण मी तुला बोलावलंय. रीतसर. लग्नाला."

"हो ना. मला तेवढंच हवं होतं. तुझं बोलावणं हवं होतं, एव्हरिल, तुझी जागा नको होती. आईने न्यायचं असतं. दे ती चरबीची पळी इकडे."

"तू मांस खात नाहीस."

"खाणार नाहीच. पण जळूही देणार नाही. जा आता, आंघोळ कर. तुझ्या केसांना खाटकाच्या दुकानाचा वास येतोय."

मी कुरण ओलांडून गेले तेव्हा मागे तुझा आवाज ऐकू येत होता. क्लाइव्हला झापत होतीस. तुला मीठ चाखायचं नव्हतं म्हणून त्याला चाखायला उभं केलंस, आणि झोप येऊ नये म्हणून त्याचं स्टूल काढून घेतलंस. एवढ्या वर्षांत हे मला का सुचलं नाही?

आता दुपारचं. चर्च सुटलं, घंटा वाजल्या, आणि रीतीप्रमाणे लोकांनी दाराशी थांबून नवरा-नवरीवर फुलं उधळायची होती. तुला दिसलं असेल, थोडी उधळली आणि सगळा घोळका कुरणातून थेट तुझ्याकडे निघाला. तुला वाटलं, भुकेने आलेत. तू म्हणालीससुद्धा, "थांबा, अजून अर्धा तास आहे, कातडी फुगतेय." पण कोणी पाव मागितला नाही. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. डेन्झिलच्या आईने तुझे तेलकट हात हातात घेतले, तिच्या निळ्या रेशमी हातमोज्यांसकट. रेव्हरंड ऑड्री बाईंनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि टॅमसिन त्या पांढऱ्या झग्यानिशी तुझ्या काजळीभरल्या एप्रनला जी मिठी मारून राहिली, ती सुटेचना. तू ओरडत होतीस, "अगं डाग पडतील, काय झालं काय तुम्हाला सगळ्यांना?" मी सगळ्यांना बजावलं होतं, हे तिला कोणी सांगायचं नाही, मी सांगणार. गाव इतका वेळ गप्प बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

तर तुझ्या वाट्याचं चर्च तुला लिहून पाठवते.

टॅमसिनचा हात माझ्या हातात होता. बाक गच्च भरले होते. दार उघडं होतं आणि वारा कुरणाकडून येत होता, त्यामुळे पहिल्याच स्तोत्राच्या वेळी तुझा वास आत आला. म्हणजे डुकराचा. लोक गाता गाता एकमेकांकडे बघायला लागले. चरबी तापल्याचा तो गोड वास होता, करपल्याचा नाही. मी नाकाने तुझ्यावर लक्ष ठेवून होते आणि दोन ओळींतच ते सोडून दिलं. गरजच नव्हती. इतक्या वर्षांत आगीकडे पाठ करून मी पहिल्यांदा निश्चिंत उभी होते.

वचनांच्या आधी एक प्रश्न असतो. तुला-मला तो कुठून माहीत असणार, आपण कधी आत नसतोच. आजकाल बरेच जण तो गाळतात म्हणे, पण टॅमसिनने मुद्दाम ठेवायला सांगितला होता. मला आधी शिकवून ठेवलं होतं, आई, रेव्हरंड बाई विचारतील, तू फक्त "मी" म्हणायचं आणि माझा हात त्यांच्या हातात द्यायचा. एका अक्षराचं काम.

रेव्हरंड बाईंनी विचारलं, "ही मुलगी कोण देत आहे?"

मी तोंड उघडलं आणि ते अक्षर काही येईना, हेझल. खोटं वाटलं. चर्चमध्ये उभं राहून खोटं कसं बोलणार? सगळे वाट बघत होते. डेन्झिल घाबरून माझ्याकडे पाहत होता, त्याला वाटलं मी देत नाही की काय. मग मी म्हणाले, चांगलं मोठ्याने, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ओरडतो ना आपण, तसं.

"आम्ही दोघी. एक मी. दुसरी बाहेर डुकरापाशी उभी आहे."

आधी कोणी तरी फिस्सकन हसलं, मग सगळं चर्च हसलं. टॅमसिन माझ्याकडे बघून रडत होती आणि मान हलवत होती, हो, हो, म्हणून. रेव्हरंड बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "दोघींनी दिली. पुढे चालू या."

मग ते दोघं "हो" म्हणाले. दोघंही. मी ऐकलं. तो फार हळू म्हणाला आणि ती फार मोठ्याने.

तेव्हा यापुढे टॅमसिनच्या लग्नात तू चर्चमध्ये नव्हतीस, असं कोणी म्हणायचं नाही. तूही नाही.

तुझी बहीण,
एव्हरिल